घरी आलीस की बघू

सांगलीहून सुभाषभावजींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या स्टँडवर होते, तिच्याकडेच निघालेली. "वहिनी, मिलेना गेली…" एवढंच बोलले. आदल्या संध्याकाळीच तर तिला दवाखान्यात भेटून आले होते मी!

मिलेना माझी धाकटी जाऊ. सर्बियन, कोसोवोतल्या एका खेड्यातली. भावजी इराकमध्ये नोकरीला असताना ती तिथं नर्स होती. लग्न करून माधवनगरला आली, सासूबाईंकडून मराठी शिकली, म्हणून अस्सल गावाकडचं बोलायची. ज्या युगोस्लावियाचा पासपोर्ट घेऊन आली, तो देशच पुढं मोडला. सर्बिया म्हणतो कोसोवो आमचं, कोसोवो म्हणतं आम्ही वेगळा देश. "अक्का, माझं गाव हाय तिथंच हाय. देशच सारखा हलतोय," म्हणायची. घरात कुणी बेळगाववरून तावातावानं बोलायला लागलं, की ही उठून आत जायची.

धाकटा भाऊ ड्रागान तिचा जीव की प्राण. कोसोवोतलं युद्ध संपलं म्हणून तो घर बघायला गावी परतला आणि तिथून त्याला कुणी उचलून नेलं, ते आजतागायत पत्ता नाही. तिच्या अल्बेनियन, म्हणजे युद्धातल्या दुसऱ्या बाजूच्या, मैत्रिणीचा नवराही तसाच नाहीसा झालेला. दोघी एकमेकींना पत्रं लिहायच्या. बेपत्ता माणसं शोधणारे लोक मिलेनाकडं रक्ताचा नमुना मागत होते, सापडलेल्या हाडांशी जुळवायला. आईनं मरण्याआधी दिला होता, पण तिच्या एकटीचा पुरत नव्हता, आणि मिलेनाखेरीज रक्ताचं कुणी उरलं नव्हतं; तिला मूलबाळही नव्हतं. ही मात्र द्यायचीच नाही. "रक्त दिलं की तो मेला, अक्का." मी भांडले, अबोला धरला. एकदा तर म्हणाले, "भाऊ तिकडं बेवारस पडलाय आणि तू चपात्या कसल्या लाटतेस?" ती लाटत राहिली.

त्या शेवटच्या संध्याकाळी तिनंच माझा हात धरला. "आता घ्या रक्त, अक्का. त्याला नाव तरी मिळंल." आणि मी, मोठी शहाणी! तिला दटावलं, "काहीतरी अभद्र बोलू नकोस. आधी बरी हो. घरी आलीस की बघू." रोज सकाळी तपासायला तिचं रक्त काढत होते हो… थोडं मागून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

पुढं सगळं रीतीप्रमाणं झालं. दहन झालं, अस्थी कृष्णेत सोडल्या. तेराव्यानंतर मी तिची खोली आवरली. साड्या वाटल्या, कंगवा आणि दातांचा ब्रश घंटागाडीत टाकला, अभ्रे उकळत्या पाण्यात घातले. मला घाण खपत नाही.

दीड महिन्यानं, मी माधवनगरला असतानाच, तिकडून फोन आला. हाडं सापडलीत, बहुधा ड्रागानचीच. ती गेल्याचं भावजींनी सांगितलं. पलीकडच्या बाईनं विचारलं, तिचा कंगवा, ब्रश, काही ठेवलंय का? भावजी माझ्याकडं बघत राहिले. मी दवाखान्याच्या लॅबकडं धावले. तिथला पोरगा म्हणाला, "काकू, एवढे दिवस नमुने कोण ठेवतं?"

मग खोली उलटीपालटी केली. एका केसासाठी फरशीवर रांगले. लखलखीत फरशी! तो तिकडं नंबर होऊन पडलाय आणि त्याला नाव देणारी माझा हात धरून सांगत होती… शेवटी ट्रंकेच्या तळाशी तिचा लोकरी स्वेटर सापडला. त्यात तोंड खुपसलं. साबणाचा वास आला. मीच धुतला होता, दोनदा.