मागच्यांची ओळ

जर्मनीला निघाले त्या सकाळी आबा मेंढरं घेऊन आधीच बाहेर पडले होते. जाताना एवढंच म्हणाले, "पोचली की फोन कर." पडेगावच्या आमच्या दारात काका मात्र मुद्दाम आले होते. मला ऐकू जाईल अशा बेतानं आईला म्हणाले, "किरिस्तावांची गाणी शिकायला चालली. उद्या त्यांच्यातलीच व्हईल."

माझा विषय सांगायला सोपा आहे. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत देव कसा आहे हे साध्या माणसांना गाण्यांतून कळायचं. सुरियानी या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतली ती स्तोत्रं मी वाचते. तीन वर्षं मी कडवी वाचली, त्यांतला विचार वेगळा काढला आणि त्यावर प्रबंध लिहीत गेले.

काकांचं बोलणं इकडं थांबलं नव्हतं. धाकट्या बहिणीचं, शोभाचं, ठरत आलेलं लग्न त्यामुळं अडलं. एका रविवारी आबांनी फोनवर विचारलं, "ते खरं काय गातेत, मला सांग. लोकांना काय सांगू मी?"

मी एक कडवं मराठीत करून सांगितलं. ज्याच्या मुठीत आभाळ मावतं, तो आईच्या मांडीवर निजलाय, अशा अर्थाचं.

आबा स्वतः ढोलावर ओव्या म्हणायचे. त्यांनी विचारलं, "अन् मागचे काय म्हणतेत?"

"मागचे कोण?"

"एकटा माणूस असं गात नसतो. एक सांगतो, बाकीचे झील धरतेत."

त्या स्तोत्रांत खरंच प्रत्येक कडव्यानंतर लोकांनी म्हणायची एक छोटी ओळ होती. हस्तलिखितांच्या नकला उतरवणाऱ्यांनी ती सुरुवातीला एकदाच लिहून पुढं गाळलेली, मीही गाळली होती. कवीचा देव कडव्यांत होता. कामावरून दमून आलेल्या बाईच्या तोंडी होती ती फक्त ही ओळ, आणि तिचा देव तेवढ्यातच होता. मी तो अध्याय पहिल्यापासून लिहिला. प्रबंधाचं नाव गाजलं ते त्याच अध्यायामुळं.

पण त्या आनंदात, शोभाचं पुढं काय झालं हे विचारायचं मी विसरले. ते लग्न मोडलं. आबा मुलाकडच्या लोकांच्या दारी समजूत घालायला जाऊन आले होते, ते मला फार उशिरा कळलं. वर्षभरानं तिला खुलताबादला दिली. पुढं दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडं गेले. तिनं ताट वाढलं. जेवण होत आल्यावर म्हणाली, "त्या रविवारी मी आबांच्या शेजारीच बसलेली होते. तू आता विचारशील, मग विचारशील, म्हणून वाट पाहत."

त्या ओळीच्या आनंदात मी विसरले होते. मी तसंच सांगितलं.

"व्हय," ती म्हणाली आणि अजून एक भाकरी वाढली. "आली की इथं उतरत जा."

आबांनी मेंढरं विकली. पडेगावचं घर आहे, पण तिथं मी पाहुणी असते. तिकडं परदेशात दारावर माझ्या नावाची पाटी आहे. घरी निघाले असं मी म्हणते, ते मात्र खुलताबादच्या बसमध्ये बसताना. माझी चूक तिथं कुणी विसरलेलं नाही, आणि मला तिथं बोलावलेलं आहे.