अर्जात भावाला जागा नव्हती

कवळ्या बनवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बावीस वर्षं एकाच लॅबमध्ये, एकाच खिडकीपाशी बसून ती मेणात एकेक दात बसवायची. परदेशातल्या एका मोठ्या लॅबनं तीन वर्षांसाठी बोलावलं, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. राहायला कंपनीचं घर, मुलीला उत्तम शाळा, नवऱ्यालाही काम करायची मुभा. घोडं अडलं ते एका ओळीवर. सोबत फक्त पती आणि मुलं आणता येतील, असं नियमात लिहिलं होतं. तिनं दोनदा विनंतीपत्र पाठवलं; उत्तर तेच आलं. भाऊ कुटुंबात धरत नाहीत.

भावाला सगळे बाळ म्हणायचे. वय एक्केचाळीस, समज पाच वर्षांच्या मुलाएवढी. आई गेल्यापासून तो तिच्याचकडे होता. तिनं भाजी चिरली की हा साली गोळा करणार, ती रागावली की हा आधी कान धरणार.

"मामाला बॅगेत घालून नेऊ," मुलगी म्हणाली.

"मी मावणार नाही," बाळनं पोटावर हात मारत सांगितलं, आणि सगळे हसले. ती मात्र उठून स्वयंपाकघरात गेली.

नवरा मागोमाग आला. "तू नाही म्हणालीस तर मी हूं की चूं करणार नाही. पण एकदा स्वतःसाठी विचार कर. आजवर केलायस का?"

तिनं बाळसाठी सहा वसतिगृहं पाहिली आणि सहाही नापसंत केली. सातव्यात टोमॅटोचे वाफे होते, खोल्यांना मोठ्या खिडक्या होत्या, आणि तिथल्या संचालिका मुलांशी, म्हणजे त्या मोठ्या मुलांशी, ओरडून बोलत नव्हत्या. आठवडाभर बाळला तिथं ठेवून पाहिलं. तो परत आला तो नाचतच.

"ताई, तिथं मला पाइप देतात! झाडांना मीच पाणी घालतो!"

"मी लांब गेले तर राहशील तिथं?"

"राहीन की. तू जा."

"किती दिवस, कळतंय का तुला?"

त्यानं जरा विचार केला आणि दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. "एवढे."

त्या दहा बोटांना तिनं होकार मानलं. आपण काय करतोय, हे तिला त्या क्षणीसुद्धा पुरतं कळत होतं.

ती परदेशी गेली, त्याच्या अकराव्या दिवशी संचालिकाबाईंचा फोन आला. बाळ सकाळपासून कपड्यांची पिशवी घेऊन फाटकापाशी बसला होता, जेवायलाही उठत नव्हता. फोनवर ती बोलली, समजावलं, गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तो बसला. असे वीस-बावीस दिवस गेले, मग त्यानं पिशवी रिकामी केली. पुढे दर रविवारी तो फोनवर यायचा. मग कधी यायचा, कधी नाही. सहा महिन्यांनी बाई अवघडून म्हणाल्या, "तो म्हणतो, ताई गेली. आई गेली तशी."

सुट्टी मिळाली ती चौदा महिन्यांनी. ती विमानतळावरून थेट तिथंच गेली. बाळ वाफ्यात होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पाइप खाली ठेवला, ओला हात पँटला पुसला आणि पाहुण्यांसाठीची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," तो म्हणाला.

जन्मात त्यानं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. तिनं त्याच्या गालांवर हात ठेवले, घरातली लाडाची नावं घेतली. तो नम्रपणे ऐकत राहिला, जसं कोणाही अनोळखी बाईचं ऐकावं.

महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. नवऱ्यानं सामान बांधलं आणि सगळे परतले. मुलीची शाळा अर्ध्यावर तुटली, ती मात्र बरेच दिवस आईशी धड बोलली नाही. बाळला घरी आणलं, त्याची खोली होती तशी लावली. तीन दिवस तो पलंगाच्या कडेला अवघडून बसला. चौथ्या दिवशी चपला घालून दारात उभा राहिला.

"बाई, आता मला घरी सोडता का? झाडं वाळतील."

तिनं त्याचे कपडे भरले आणि त्याला स्वतः नेऊन सोडलं. आता ती पुन्हा जुन्या लॅबमध्ये काम करते; दर गुरुवारी लॅब सुटली की तिथं जाते. तो तिला टोमॅटो दाखवतो, त्यातला चांगला पिकलेला हातावर ठेवतो, आणि विचारतो, "तुम्ही कोणाला भेटायला येता?"