फोटोत नसलेल्या मॅडम

आमच्या कंपनीला दोन मालक होते. एक चाकणजवळच्या गावचे, स्वतःचे ट्रक असलेले. त्यांना सगळे शेठ म्हणत. दुसरे इंजिनिअर, एका मोठ्या वाहन कंपनीतली नोकरी सोडून आलेले, ते सर. गाडी कुठे आहे ते सांगणारी डबी बनवायची कल्पना मुळात कुणाची, यावर दोघांच्या दोन हकिकती होत्या. पाहुण्यांपुढे ज्याला आधी बोलायला मिळे, त्याची हकिकत त्या दिवसापुरती खरी ठरे.

ऑफिस भोसरीत, एका शेडच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली पत्र्याचे पार्ट दाबणारे प्रेस चालत, त्यामुळे कपातला चहा सतत थरथरत असे. मी टेस्टिंगला होते. माझे वडील पिंपरीतल्या कारखान्यात लेथवर काम करून रिटायर झालेले. मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की ते सांगत, "डब्या तपासते." ते बरोबरच होतं.

डबीच्या आत चालणारा प्रोग्रॅम मॅडम लिहीत. त्या लातूरकडच्या, चाळिशीच्या थोड्या अलीकडच्या. डबा खातानाही त्यांचा एक हात कीबोर्डवर असे. मी "जवळजवळ चालतंय" म्हटलं की मान वर न करता म्हणत, "म्हणजे चालत नाहीये. बसमधून फिरवून आण." मग मी डबी पिशवीत घालून निगडीपर्यंत जाऊन येई.

चाकणच्या एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर मिळायची होती. त्यांच्या परचेसवाल्यांनी विचारलं, तुमच्याकडे माणसं कोण आहेत, वेबसाइटवर तर काहीच दिसत नाही. सरांनी लगेच फोटोग्राफर ठरवला आणि सगळ्यांना निळे शर्ट घालून यायला सांगितलं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"माझा फोटो नको, नावही नको," मॅडम म्हणाल्या. "काम लिहा हवं तर."

"अहो, अर्धी डबी तुमची आहे," सर म्हणाले. "तुम्हालाच वगळल्यावर मी दाखवू कुणाला? शेठना?"

"दाखवा की," शेठ म्हणाले. "मी काय वाईट दिसतो व्हय?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. सरांनी तो विषय काही दिवस लावून धरला. मॅडमना दुसरीकडून ऑफर आलीय, अशी त्यांची खात्रीच झाली. मलाही तसंच वाटलं.

त्या ताथवड्यात भाड्याने राहत, मी वाकडला. संध्याकाळी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसत. एका सिग्नलला मी सरळच विचारलं, "मॅडम, तुम्ही सोडून चाललाय का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. थोडं पुढे गेल्यावर मात्र त्या आपणहून बोलायला लागल्या. हेल्मेटमुळे मला निम्मं ऐकू येईना, म्हणून एका रसवंतीपाशी मी गाडी थांबवली. नवरा हात उचलायचा. त्या घर सोडून नाशिकला गेल्या, तिथे नोकरी धरली. काही महिन्यांत तो दारात हजर. पत्ता त्याला मॅडमच्या वडिलांनीच दिला होता, दोघांचं पुन्हा जुळावं म्हणून. त्यानंतर त्या इकडे आल्या आणि आपण कुठे आहोत ते कुणालाच कळवलं नाही. वडिलांनासुद्धा नाही.

"सरांना मी सांगू का?" मी विचारलं.

"नको. सांगायचं तर मीच सांगीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं ते शेठना. सरांना का नाही, ते मी विचारलं नाही. शेठ केबिनमधून बाहेर आले आणि सरांना म्हणाले, "फोटो कुणाचाच टाकायचा न्हाई. डब्यांचे टाका."

"अहो, पण का?"

"मी म्हणतोय म्हणून. निम्मी कंपनी माझी हाय का न्हाई?"

सर त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. फोटोग्राफर आला तेव्हा आम्ही सगळे निळ्या शर्टात उभे होतो. त्याने डब्यांचे फोटो काढले आणि गेला. चाकणच्या मीटिंगला मॅडम स्वतः गेल्या. बोगद्यात गाडी शिरली की तुमची डबी काय करते, असं तिथल्या साहेबांनी विचारलं, आणि त्यांचा चहा गार होईपर्यंत मॅडम सांगत राहिल्या. वेबसाइटचं नाव कुणी काढलं नाही. ऑर्डर मिळाली.

पुढे काही महिन्यांनी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला.

"हॅलो, गाडी कुठं हाय ते सांगायच्या मशिनची कंपनी का ही?" आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. त्यांनी मॅडमचं माहेरचं पूर्ण नाव घेतलं. "आमची लेक हाय. तिकडं असल्याच कंपनीत काम करती म्हणून कळालं. चार-पाच ठिकाणी इचारून झालं बघा."

"या नावाचं इथे कुणी नाही," मी म्हणाले.

"बरं. तकलीफ दिली तुमाला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मॅडम समोरच्याच टेबलाला होत्या. मी जाऊन सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"बोलताना दम लागत होता का?"

"थोडा."

त्यांनी फोनवर आलेला नंबर पाहिला. "बाबांचाच आहे," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्या दिवशी त्यांनी पाठवलेला प्रोग्रॅम मी मुद्दाम पुन्हा पुन्हा तपासला. त्यात चूक नव्हती.

त्यांनी लगेच फोन केला नाही. मध्ये बरेच दिवस गेले. मग एका सकाळी त्या फोन घेऊन गच्चीवर गेल्या आणि खूप वेळ खाली आल्या नाहीत. आल्यावर माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"त्याने दुसरा घरोबा केलाय. कधीच. मुलगाही आहे त्याला," त्या म्हणाल्या. "बाबा मला हेच सांगायला शोधत होते. आता कुणी येणार नाही म्हणून."

मी विचारलं, "चहा घेता?"

"घेते," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्यांचे वडील छाती दाखवायला पिंपरीच्या हॉस्पिटलात आले. डॉक्टर संध्याकाळी भेटणार होते, म्हणून मॅडम त्यांना दुपारी ऑफिसात घेऊन आल्या. पांढरा सदरा, टोपी, हातात औषधांची पिशवी. खालच्या प्रेसच्या दणक्याने ते दचकले, मग सवय झाली. शेठनी त्यांना सोफ्यावर बसवून सोयाबीन कसं आलंय ते विचारलं. सरांनी, मॅडमच्या घरचं आपल्याला आजवर कुणी काहीच कसं सांगितलं नाही, असं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, तुम्ही मॅडमनाच विचारा. त्यांनी विचारलं नाही. वडिलांसाठी खालून उसाचा रस मात्र मागवला.

थोड्या वेळाने म्हातारबाबा भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनपाशी गेले. नकाशावर आमच्या गाड्यांचे हिरवे ठिपके चाकणपासून पार खाली कोल्हापूरपर्यंत पसरले होते.

"ह्यात आपलं गाव हाय का?"

मॅडमनी नकाशा सरकवला. सोलापूर मागे पडलं, लातूर आलं, त्याच्याही पुढे एक बारीक रस्ता. तिथे आमची एकही गाडी नव्हती. त्यांनी आणखी जवळ नेलं.

"ही शाळा," वडील म्हणाले.

"शाळा नाही, ते गोडाऊन आहे. शाळा इकडे."

"आता नवी बांधली की. तुला काय ठावं?"

"कधी बांधली?"

ते सांगू लागले. मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली आणि स्वतः बाजूला उभ्या राहून ऐकत राहिल्या. माझ्यापुढे चाकणला पाठवायच्या डब्यांचा खोका होता. मी एकेक काढून तपासायला घेतल्या.