कोपरा चेपलेला खोका

खोका आधी मी उचलला होता, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. ऑक्टोबर २०११. मेमोरियल अव्हेन्यूवरच्या संगणकाच्या दुकानात एकाच जातीच्या प्रोसेसरचे दोन खोके उरले होते आणि गिऱ्हाइकंही दोनच, मी आणि ताइस्तो कार्पिनेन. "तू घे आधी, ओरेस्ट," तो म्हणाला. मी उजवीकडचा उचलला. त्याचा एक कोपरा चेपलेला दिसला, म्हणून परत ठेवला आणि डावीकडचा घेतला. चेपलेला ताइस्तोने घेतला. नीट बघितलासुद्धा नाही, सरळ कोटाच्या खिशात कोंबला.

त्या चेपलेल्या खोक्यात जी चिप निघाली, तिच्यासारखी चिप आमच्या गावात, कॅनडातल्या थंडर बेमध्ये, दुसऱ्या कुणाकडे नव्हती. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशीच्या दोन चिपा कधी सारख्या निघत नाहीत. एक थोड्या व्होल्टेजवर पळते, दुसरी तेवढ्याच वेगासाठी जास्त मागते. जास्त व्होल्टेज दिलं की ती तापते, वीज खाते. कमी दिलं की मधेच गोठते, पडदा निळा होतो आणि तासाभराची मेहनत पाण्यात. आमचा नाद ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा चिप जास्त पळवायची, आणि त्यातली सगळी गंमत आणि सगळी भांडणं एवढ्यातच. मी माझ्या चिपला १.३३ व्होल्ट देऊन कसाबसा ४.३ गिगाहर्ट्झला पोचायचो. ताइस्तो १.२५ वर ४.६ ला पळायचा, तेही गाणं गुणगुणत.

मला झोंबलं, कारण वीज हा माझा विषय. कॉलेजात एकोणीस वर्षं मी पोरांना वीज शिकवतोय. आणि ताइस्तो? ताइस्तो बर्फ बनवतो.

हे मी चेष्टेने म्हणत नाही, खरंच तो बर्फ बनवतो. त्याचा बाप जंगलात झाडं तोडायचा. ताइस्तोला मात्र लहानपणापासून झाडांपेक्षा यंत्रांची ओढ. बाविसाव्या वर्षी तो कर्लिंग क्लबात बर्फ गोठवणारे कॉम्प्रेसर पुसायला लागला आणि पंचविशीत तिथला बर्फवाला झाला. कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ, तो स्वतः कधी खेळला नाही. तो म्हणायचा, "मी खेळलो तर बर्फाकडे कोण बघणार?" बर्फाचं तापमान तो दिवसातून सहा वेळा मोजायचा आणि पेन्सिलीने भिंतीवर लिहायचा. सत्तावीस वर्षांचे आकडे त्या भिंतीवर आहेत. रंगाऱ्याला त्याने ती भिंत कधी रंगवू दिली नाही.

बोलणं कमी. शनिवारी सौना म्हणजे वाफेची अंघोळ, रविवारी बहिणीकडे जेवण, आणि रोज डब्यात वेलची घातलेल्या गोड पावाचे दोन तुकडे. एक स्वतःचा, दुसरा जो समोर येईल त्याचा. मला तो दुसरा तुकडा कितीदा मिळाला असेल याची मोजदाद नाही. खाताना मात्र दर वेळी वाटायचं, याला कुणी वाईट का म्हणत नाही? म्हणजे मलाही म्हणता येईल.

अठ्ठ्याण्णव साली क्लबाने कॉम्प्रेसरवर एक संगणक बसवला. तो सारखा बंद पडायचा. दुरुस्तीवाला टोरांटोहून यायला आठ दिवस लागायचे, म्हणून ताइस्तोने तो स्वतःच उघडला. तिथून त्याला हा नाद लागला. पुढे त्याने क्लबाचं विजेचं बिल पाव हिश्शाने उतरवलं. कसं, तर दर आठवड्याला बर्फ अर्धा अंश कमी गार करून बघायचा आणि खेळणारे कुरकुरले की तेवढंच मागे यायचा. वार्षिक सभेत त्याच्यासाठी टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन लेस्याला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "यात काय मोठं? हे कुणीही केलं असतं."

"मग तू आपल्या घराचं बिल का नाही उतरवत?" ती म्हणाली.

आमची ओव्हरक्लॉकिंगची टोळी म्हणजे आठ जण. दर मार्चमध्ये कर्लिंग क्लबाच्या वरच्या हॉलमध्ये आमची स्पर्धा. खाली कॉम्प्रेसर चालू असतात, त्यामुळे वर विजेची एकच लाइन मोकळी राहते. तिच्यावर आठ टेबलं, म्हणून प्रत्येक टेबलाला एकशेऐंशी वॉट. भिंतीच्या सॉकेटला मीटर लावायचं, कसोटीचा प्रोग्राम तासभर चालवायचा. एकशेऐंशीच्या वर गेलात की बाद, गोठलात की बाद. उरलेल्यांत ज्याचा वेग जास्त तो जिंकला. मीटरजवळ विनिफ्रेड बुशे बसते, शाळेतली निवृत्त ग्रंथपाल. तिच्यासमोर कुणाची लबाडी चालत नाही. दुसऱ्या गावच्या टोळ्या चिप गार ठेवायला द्रव नायट्रोजन ओतून आकडे काढतात. आमच्यात त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे कमी खाऊन जास्त पळणाऱ्याला मान.

अशा स्पर्धेत मी आधीची दोन वर्षं पहिला आलो होतो. जुन्या चिपांवर. आणि आता हिवाळाभर दर बैठकीला ताइस्तोच्या मशीनभोवती सगळे गोळा व्हायचे, माझ्या मशीनजवळ कोट ठेवायचे. खरोखर ठेवायचे. माझ्या मशीनचा डबा गरम असतो ना, कोट छान वाळतात!

फेब्रुवारीत माझा धीर सुटला. एका बैठकीतून उठून मी खाली बर्फाकडे गेलो. ताइस्तो बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडत मागे मागे चालत होता.

"ताइस्तो, एक विचारू? तो चेपलेला खोका आधी मी उचलला होता. आठवतंय?"

"हो, आठवतंय की."

"म्हणजे खरं बघितलं तर ती चिप माझी."

दुसऱ्या कुणी मला त्या बर्फावरच आडवं केलं असतं. ताइस्तो थांबला, पाठीवरची टाकी उतरवली. "हवी का तुला? घेऊन जा. तुझी मला दे, म्हणजे झालं."

"स्पर्धेपुरती," मी घाईघाईने म्हटलं.

"तुला हवी तोवर ठेव रे. चिपच आहे."

चिपच आहे! चार महिने जिच्यामुळे माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, ती त्याला चिपच होती. मी तसाच घरी जाऊन माझी आणली. त्याने आपली काढली, पुसली आणि डबीत घालून दिली. शिवाय स्कोअरकार्डाच्या पाठीवर आपले सगळे आकडे लिहून दिले. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'एका वेळी एकच पायरी, मग एक दिवस थांब.'

मी कशाला थांबतोय? घरी येऊन चिप बसवली, व्होल्टेज आणि वेग त्याच्या कागदावरून जसेच्या तसे भरले आणि सुरू केलं. अकराव्या मिनिटाला पडदा निळा.

व्होल्टेज वाढवलं. पुन्हा निळा. आणखी वाढवलं. आता चाललं, पण मीटरवर दोनशे सात वॉट. वेग उतरवला, व्होल्टेज उतरवलं, पुन्हा निळा. चार दिवस हेच. शेवटी ४.३ वर येऊन बसलो, १.३३ व्होल्टला. माझ्या जुन्या चिपचा जो आकडा होता, तोच.

माझा पहिला विचार काय असेल? लाज वाटते, पण सांगतो. याने मला दुसरीच चिप दिली. खरी लपवून ठेवली आणि कुठलीतरी रद्दी माझ्या हातात टेकवली. मी तडक क्लबात गेलो.

ताइस्तो कॉम्प्रेसरच्या खोलीत पाव खात होता. दुसरा तुकडा त्याने माझ्याकडे सरकवला. मी हात लावला नाही.

"ही तीच चिप आहे ना?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "तीच आहे. काय झालं?"

"तुझ्या आकड्यांवर अकरा मिनिटंसुद्धा टिकत नाही."

त्याने तोंडातला घास गिळला. "रॅम कितीवर ठेवलीस? रॅम फार घाईत असली तरी पडतं. मग माणूस चिपच्या कोअरला व्होल्टेज देत बसतो. भूक एकाला आणि जेवण दुसऱ्याला."

माझी रॅम एकवीसशे तेहतीस मेगाहर्ट्झवर होती. बाजारातली सगळ्यांत वेगवान, वर उष्णता काढणारे निळे पत्रे असलेली. वर्गात पोरांना दाखवायला घेऊन गेलो होतो मी ती. ताइस्तोच्या कागदावर रॅमपुढे तेराशे तेहतीस लिहिलं होतं, साधी रॅम. त्या ओळीकडे मी गरिबाची अडचण म्हणून दुर्लक्ष केलं होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हा बरोबर बोलतोय. आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

"तेराशे तेहतीस," मी म्हटलं.

"मग मला कळत नाही," तो खरंच गोंधळला. "येऊ का घरी? बघतो."

"काही गरज नाही."

घरी जाऊन रॅम उतरवता आली असती. एक पायरी, दोन मिनिटांचं काम. मी उतरवली नाही. उतरवली आणि चाललं, तर त्याचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि मला जिंकायचं होतं ते त्याच्या चिपवर, त्याच्या अकलेवर नाही. असा हिशोब मी, एकोणीस वर्षं वीज शिकवणारा मास्तर, करत बसलो.

मार्चचा दुसरा शनिवार. टेबलावर गुलाबी आयसिंगच्या, आमच्या गावच्या 'पर्शियन' पेस्ट्र्यांचा डबा, भिंतीला मीटर ओळीने. प्रत्येकाने पडद्यावर वेग, व्होल्टेज आणि रॅम दिसेल असं ठेवायचं, हा नियमच आहे. सुरू व्हायला दहा मिनिटं होती. ताइस्तो कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याची नजर माझ्या पडद्यावर गेली. २१३३.

मी वाट बघत होतो की आता हा काहीतरी बोलेल. मी खोटं बोललो होतो, त्याला चोर ठरवलं होतं, सगळं तिथे पडद्यावर लिहिलेलं होतं. त्याने कॉफीचा एक घोट घेतला आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "अजून दहा मिनिटं आहेत, ओरेस्ट. रॅम खाली घे. सहज जाशील ४.६ ला."

"तुझं तू बघ," मी म्हटलं.

तो आपल्या टेबलाकडे गेला. मी ४.४ लावला, कारण ४.३ ने काही होणार नव्हतं. एकशेएकोणऐंशी वॉट. अडतिसाव्या मिनिटाला माझा पडदा निळा झाला. विनिफ्रेडने माझ्या नावावर रेघ मारली आणि म्हणाली, "पेस्ट्री खा, बरं वाटेल."

ताइस्तोचा तास पूर्ण झाला. ४.६, १.२६ व्होल्ट, एकशेशहात्तर वॉट. माझ्या चिपवर. डावीकडच्या, चांगल्या कोपऱ्यांच्या खोक्यातली, चार महिने मी जिला शिव्या घातल्या ती.

त्याला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून खिशात घातले. "ही चिप ओरेस्टची आहे," तो म्हणाला. "मला फार काही करावं लागलं नाही. मुळात चांगली आहे. ओरेस्ट, उभा राहा ना." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मला उभं राहावं लागलं. त्याने टोमणा मारला असता तर मी तो झेलला असता, घरी नेऊन वर्षभर उगाळला असता. पण त्याच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. तो मनापासून बोलत होता. मला त्याचा कधी आला नव्हता एवढा राग आला. माझ्याकडे पाच महिने एक खोका तरी होता दोष द्यायला. तोही त्याने काढून घेतला, तेही टाळ्यांच्या गजरात.

घरी आलो तेव्हा लेस्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी कोटही न काढता मशीन लावलं. ताइस्तोची चिप अजून आत होती. रॅम तेराशे तेहतीसवर आणली. वेग ४.६, व्होल्टेज त्याच्या कागदाप्रमाणे. भिंतीला मीटर लावलं आणि खुर्ची ओढून बसलो.

दहा मिनिटं गेली. अकरा. वीस. मीटरवर एकशेचौऱ्याहत्तर, हलायचं नाव नाही. अडतीस मिनिटं. पंख्यांचा आवाजसुद्धा असा, की शेजारच्या खोलीत कुणीतरी शांत झोपलंय असं वाटावं. पन्नास. माझ्या घरात, माझ्या टेबलावर हे इतकं सुंदर कधीच चाललं नव्हतं, आणि मी ते घामाघूम होऊन बघत होतो. पंचावन्नाव्या मिनिटाला मी वाकलो आणि भिंतीतून वायर उपटली.

"बंद पडलं का रे पुन्हा?" लेस्याने आतून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "ताइस्तोची चिपच वाईट आहे."