मोरिता-सानचा चहा आणि आमचे दोन कॉक

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही सलग नऊ दिवस गंजकं पाणी पाजलं. बाई अतिशय चांगल्या होत्या आणि आमचं काही भांडणही नव्हतं.

त्यांचं नाव मोरिता-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी'), वय शहात्तर. जपानमधल्या त्सुकुबात एकाच अंगणात त्यांची दोन घरं. मोठ्यात त्या एकट्या. लहानात मी, माझी बायको मुग्धा आणि आठ वर्षांची सई. हे घर मिळण्याआधी सात एजंटांनी "परदेशी माणसांना देत नाहीत" हे मला इतक्या नम्रपणे सांगितलं होतं की मीच त्यांचे आभार मानून बाहेर पडायचो! मोरिता-साननी मात्र एवढंच विचारलं, "हिरवळीला पाणी घालाल?" ती हिरवळ त्यांच्या दिवंगत यजमानांनी स्वतःच्या हातांनी लावलेली होती. मी "घालीन" म्हटलं आणि त्यांनी किल्ली दिली. भाडेकराराची खरी अट एवढी एकच.

मग ऑगस्ट आला, पाऊस गायब झाला, हिरवळ पिवळी पडायला लागली आणि त्याच आठवड्यात पुण्याहून माझे सासरे आले.

अप्पा म्हणजे सोसायटीचे अठरा वर्षांचे चेअरमन. त्यांच्या सोसायटीला पाणी दोन ठिकाणचं, कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं. दोन्ही येऊन मिळतात एकाच पाइपात, त्या जोडाच्या अलीकडे दोन कॉक, आणि त्या कॉकच्या पेटीची चावी अप्पांच्या कमरेला. "अठरा वर्षांत एकाही फ्लॅटचा नळ कोरडा पडला नाही," हे वाक्य आमच्या लग्नाच्या बैठकीतही झालं होतं. (मुलीच्या शिक्षणाच्या आधी!)

दुसऱ्याच दिवशी ते स्प्रिंकलरसमोर उभे राहिले.

"मंदारराव, हे कारंजं आहे की सर्दी झालेलं नाक?"

"प्रेशर कमी आहे, अप्पा."

"आणि मागे ती पंपवाली विहीर कशाला ठेवलीय? दर्शनाला?"

त्या विहिरीच्या पाण्यात लोखंड फार. मोरिता-सानचे यजमान त्यावर फक्त गाडी धुवायचे. पण अप्पांनी हिरवळीकडे पाहिलं, मी त्या सात एजंटांना आठवलं, आणि मी इंजिनिअर आहे हे आम्हा दोघांनाही एकदम सुचलं. (सॉफ्टवेअरचा. पण ते त्या क्षणी कुणी काढलं नाही.)

दुकानातून एक टी-जॉइंट, एक निळा कॉक, एक लाल कॉक आणि टेफ्लॉन टेप आणली. दुपारभर खपून नळाचं पाणी आणि विहिरीचं पाणी एका पाइपात आणलं. अप्पांनी कॉक फिरवले आणि स्प्रिंकलर असा उसळला की हिरवळीसकट सईची सायकल आणि दोरीवरचे माझे शर्टही भिजले! मी जॉइंटचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्या मावश्यांनी अंगठे दिले.

त्यानंतर घरात बारीकसारीक चमत्कार सुरू झाले. माझे पांढरे शर्ट पिवळट निघायला लागले. "या पावडरीत काही दम नाही," मुग्धा म्हणाली. भाताचा रंग बदलला. "हातसडीचा असेल, पौष्टिक असतो," अप्पा म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. चहाचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या चहात आलं, साखर, दूध आणि वर वीस मिनिटांची उकळी. त्यात लोखंडाची काय बिशाद!

नवव्या दिवशी सकाळी मोरिता-सान दारात आल्या. आधी वाकल्या, मग त्रास दिल्याबद्दल माफी मागितली, मग हळूच विचारलं, "तुमचा चहा बरा होतो ना?"

"हो. का?"

"माझा हिरवा चहा काळा होतोय. शाईसारखा. दोनदा पत्ती बदलली, किटली घासली, शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तेव्हापासून तर फारच काळजी वाटतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "रोजचा पहिला पेला मी यजमानांच्या फोटोपुढे ठेवते. ते काही बोलत नाहीत म्हणा."

खिडकीतून तो निळा कॉक आणि तो लाल कॉक मला अगदी स्वच्छ दिसत होते.

"पत्तीच खराब असेल," मी म्हणालो. (हो, म्हणालो!)

"असेल. तरी पाणीखात्याला फोन केलाय. दुपारी येतील."

दुपारी पांढरे हातमोजे घातलेले सातो-सान आले. त्यांनी मोरिता-सानच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात पूड टाकली. नळाचं पाणी असेल तर त्यातल्या क्लोरीनने ते गुलाबी होतं. आम्ही सगळे बाटलीकडे बघत राहिलो. ते काही गुलाबी झालं नाही.

"इथे विहीर आहे?"

"आहे," मी माझ्या सर्वोत्तम जपानीत म्हणालो. "पण ती वेगळी आहे."

"वेगळी नाहीये!" सई जपानीत ओरडली. (मराठी ती फक्त जेवायला मागताना वापरते.) "बाबांनी जोडली! खूप छान जोडली!"

सातो-सान आमच्या जॉइंटसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी एका बोटाने दोन्ही कॉक चाचपले. मग म्हणाले, "दोन्ही कॉक उघडे आहेत."

मी अप्पांना सांगितलं. "अर्धे-अर्धे," अप्पा अभिमानाने म्हणाले. "मिक्स!"

विहिरीच्या पंपाचा जोर जास्त, त्यामुळे विहिरीचं पाणी उलटं ढकललं जाऊन एकाच मीटरवरच्या दोन्ही घरांत शिरत होतं. मी घाईघाईने म्हणालो, यापुढे एक कॉक कायम बंद ठेवतो. सातो-साननी मान हलवली. "बंद कॉकही चालत नाही. कॉक उघडता येतो."

"अहो, उघडायलाच तर असतो!" अप्पा म्हणाले. याचं भाषांतर मी केलं नाही.

मग सातो-साननी आम्हाला मीटरपाशी नेऊन मुठीएवढा एक पितळी व्हॉल्व दाखवला. पाणी त्यातून आत येतं, परत बाहेर जात नाही. तो होता म्हणून गल्लीतली बाकीची घरं वाचली.

"गल्लीत लहान मुलं किती?" अप्पांनी विचारलं. मी बोटांवर मोजायला लागलो, तशी त्यांनीच मला थांबवलं. "आमच्याकडे हा व्हॉल्व नाही, मंदारराव. अठरा वर्षं नाही," ते म्हणाले आणि मीटरच्या खड्ड्याकडे बघत उभे राहिले.

"हे जोडायची परवानगी कुणी दिली?" सातो-साननी वही काढली.

सातही एजंट माझ्या डोळ्यांसमोरून नम्रपणे वाकत गेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी."

मोरिता-साननी परवानगी दिलेली नव्हती. त्यांना त्या जॉइंटचा पत्ताही नव्हता!

"घर माझं, विहीर माझी. पाणी घाला असं मीच म्हटलं होतं. बघा ना, किती हिरवी झालीय. असा हिरवा रंग ते गेल्यापासून पाहिला नव्हता." आणि ज्यांना आम्ही नऊ दिवस गंज पाजला, त्या बाई आमच्या वतीने कमरेत वाकल्या. परक्या देशात कुणी आपली चूक अशी पदरात घेतं, तेव्हा आभाराचे शब्द कुठल्याच भाषेत पुरत नाहीत.

अप्पांना शब्दांची गरज पडली नाही. तेही वाकले, सगळ्यांपेक्षा खाली. त्यांना सरळ करायला मी आणि सातो-सान, दोघं लागलो.

जॉइंट कापला गेला, पाइप धुतले गेले. विहिरीला "पिऊ नये" अशी पाटी लावलेला वेगळा पाइप मिळाला आणि परत जाईपर्यंत रोज त्याने हिरवळ भिजवायचं काम अप्पांनी कुणाला करू दिलं नाही. सकाळी मोरिता-सान काचेचा पेला उंच धरून दाखवायच्या. हिरवा! मग तो यजमानांकडे जायचा.

कापण्याआधी सातो-साननी जॉइंटचा फोटो घ्यायची परवानगी मागितली होती. इतक्या नीटनेटक्या हाताने केलेलं बेकायदा काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात पाणीखात्याचं नियमांचं पत्रक घरोघरी आलं. त्यात आमचा जॉइंट, निळा कॉक, लाल कॉक, आणि त्यावर ही एवढी मोठी लाल फुली. जपानमध्ये सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, पण छापून आलेलं माझं काम हे एकच. खाली माझं नाव नाही, हे सातो-सानचे उपकार.

पण मी त्याचा फोटो कौतुकाने अप्पांना पाठवला. त्यांनी तोवर सोसायटीत दोन्ही पाइप वेगळे करून तो पितळी व्हॉल्व बसवून घेतला होता. त्यांनी पत्रकाची रंगीत प्रत काढून नोटीस बोर्डावर लावली, आणि लाल फुलीच्या बरोबर खाली स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : "रचना - आमचे जावई."