उभ्यानं चालवायची गाडी

शेजारच्या बाईंनी मला सस्पेन्शन निवडायला सांगितलं, तेव्हा माझ्या हातात बर्फ उपसायचं फावडं होतं आणि डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार. अमेरिकेत, ईडन प्रेरीतला आमचा तो चौथा हिवाळा. बाई पन्नाशीच्या, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. एरवी आमचं बोलणं ‘काल किती पडला’ याच्या पुढे जात नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, तिकडे भारतात तू काय करायचीस? मी म्हटलं, पुण्याजवळच्या एका कारखान्यात दुचाक्यांचे शॉकअप तपासायचे. सहा वर्षं.

बाईंचं फावडं थांबलं.

“मग माझ्या स्लेडचं बघ ना,” त्या म्हणाल्या.

स्लेड म्हणजे स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे लांबलचक रबरी पट्टा, वर सीट. बाईंच्या स्लेडला त्यांच्या भावानं टर्बो बसवला होता, आणि दर फेब्रुवारीत ही दोघं आपापली स्लेड ट्रेलरवर चढवून वायोमिंगच्या डोंगरांत जात. टर्बोची ताकद एवढी, की चढावर जोर दिला की स्की हवेत आणि मागचा पट्टा जागच्या जागी खड्डा खणतोय. म्हणून कंपनीचं मागचं सस्पेन्शन काढून बाहेरचं घालायचं ठरलं होतं. कुठलं, यावरून बहीण-भावाची चांगलीच जुंपली होती.

मी “बघते” म्हणाले आणि फावडं तसंच टाकून घरात आले. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, डिपेंडंट. नोकरी करायची परवानगी नाही. कौतुक मात्र भरपूर व्हायचं. पोह्यांचं, इंग्रजीचं, दाराबाहेरच्या रांगोळीचं. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं आणि माझ्यामुळे कुणाचं काही बिघडतही नव्हतं. मला अजून काही येतं का, हे चार वर्षांत मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी तीन कंपन्यांची माहितीपत्रकं दिली आणि इंटरनेटवरच्या चर्चांचे कागद दिले, चांगला बोटभर जाड गठ्ठा. वाचत गेले तसतशी गोंधळत गेले. एक म्हणतो, हवेचे शॉकअप घ्या, हलके असतात. दुसरा म्हणतो, थंडीत हवेचा दाब उतरतो, स्प्रिंगचेच घ्या. एक म्हणतो, सस्पेन्शनचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना जखडलेला हवा, म्हणजे स्की खाली राहतात. त्याच्याच खाली कुणीतरी लिहिलेलं, जखडलात तर खोल बर्फात नाक वर येणार नाही, गाडी पुरली जाईल. आता स्की वर आलेल्या हव्यात की नकोत, हेच मला कळेना. लोक भांडत होते पोटतिडकीनं, आणि प्रत्येकाला आपण घेतलेलं तेच उत्तम वाटत होतं.

“अगं, तू कधी बसलीयेस का त्याच्यावर?” नवरा म्हणाला. “कशाला रिस्क घेतेस यार! सिंपली सांग ना, नो आयडिया.”

माझं डोकंच फिरलं. “तू ज्या बँकेचं सॉफ्टवेअर लिहितोस तिथे तुझं खातं आहे का?” मी म्हटलं. तशीच उठून आलेखाची वही आणायला बाहेर पडले.

तीन आठवडे मी त्या वहीत होते. कारखान्यात आम्हाला पहिली गोष्ट शिकवली जायची ती अशी, की गाडी दोघांची असली तरी तिच्यावर चौघं बसणार आणि पायाशी गॅसचा सिलिंडर असणार. त्यामुळे वजन धरताना हात सैल सोडायचा. बाईंचं वजन विचारायची सोय नव्हती. लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात बजावून सांगितलं होतं, इथे बायकांना वय आणि वजन विचारायचं नाही. मग मी अंदाजानं आकडा धरला, मागे आणखी एक माणूस बसवलं, वर एक बॅग ठेवली. उत्तर आलं, सगळ्यात कडक स्प्रिंगांचं सस्पेन्शन. गोंधळ एकदम मिटला. मला फार बरं वाटलं.

शनिवारी दुपारी वही घेऊन बाईंच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावून आकृती पाहिली.

“ही मागे कोण बसलीय?”

“कुणी बरोबर आलं तर,” मी म्हटलं.

“आणि पुढे बसलेली मी?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्लेडवरचं कापड काढलं आणि वर चढल्या. बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. गुडघे किंचित वाकवलेले, छाती पार हँडलवर. मग दोन्ही पाय एकाच बाजूच्या फळीवर आणून त्यांनी सगळं अंग बाहेर झुकवलं. “डोंगरात आम्ही असेच असतो,” त्या म्हणाल्या. “बसायचं ते घरी परतताना.”

सीट एकाच माणसाची होती, तीही आखूड. गाडी माझ्या स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर उभी होती आणि तीन आठवड्यांत मी ती साधी बघायला आले नव्हते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले. नवऱ्याचं बरोबर होतं, हे तर आणखीनच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चाचरत म्हटलं, “तुम्हाला राग येणार नसेल तर...” माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंनी वजन सांगून टाकलं. मग मी त्यांना गाडीवर मधोमध उभं केलं, डावीकडे उभं केलं, उजवीकडे उभं केलं आणि प्रत्येक वेळी खाली गुडघ्यावर बसून टेपनं मोजलं, मागचा भाग किती दबतो ते. जेमतेम दबत होता. मी निवडलेल्या स्प्रिंगा या बाईंना हलवताही आल्या नसत्या.

“हवेचे शॉकअप घ्या, तुमच्या वजनापुरताच दाब भरता येईल,” मी शेवटी म्हटलं. “दाब इथे गॅरेजात भरू नका, डोंगरावर पोचून थंडीतच भरा. आणि पुढचा-मागचा भाग जखडलेलं घ्यावं असं मला वाटतं. पण त्याची खात्री नाही. खरंच नाही.”

त्यांनी तसंच घेतलं. फेब्रुवारीत दोघं गेली आणि मी आठ दिवस उगाचच खिडकीशी घुटमळत राहिले. बाई कुठेतरी बर्फात अडकून पडल्यात असं मनात यायचं. चहा टाकायचे आणि उतू जाऊ द्यायचे.

एका संध्याकाळी बेल वाजली. दारात बाई. चेहरा उन्हानं लालभडक, गॉगलपुरती जागा तेवढी पांढरी. कशी आहेस वगैरे काही नाही.

“चढावर स्की खाली राहतात, एकदम छान,” त्या म्हणाल्या. “पण खोल बर्फात नाक वर येत नाही. दोनदा फावड्यानं उकरून काढली. आपलं काय चुकलं?”

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. चार वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदाच तक्रार आली होती. कारखान्यात माझा दिवस तक्रारींनीच सुरू व्हायचा. मला इतका आनंद झाला, की बाईंसमोर तो लपवणं जड गेलं.

“बर्फ किती खोल होता?” मी विचारलं. “आणि तेव्हा तुम्ही पुढे झुकला होतात की मागे?”

त्या दारातच हातवारे करून सांगायला लागल्या. मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर, आणि वही शोधायला आत पळाले.