बेदाण्यांच्या वेबसाइटवर काय काय हवं

"मॅडम, फोटो फेट्यातलाच पायजे. आन मागं सनई वाजाय पायजे," संपतराव म्हणाले.

सांगलीत माझं कॉम्प्युटरचं छोटं ऑफिस होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि वेबसाइट म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगावं लागे. संपतराव तासगावचे. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, घरची द्राक्षबाग सांभाळली आणि स्वतःचं बेदाण्याचं शेड उभं केलं. दलाल मध्ये न घेता बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना थेट माल विकायचा त्यांनी चंग बांधला होता. पहिलाच हंगाम. माल वेळेत गेला नाही, तर पुन्हा दलालाचंच दार.

पिशवीभर फोटो घेऊन आले होते. फेट्यातला, ट्रॅक्टरवरचा, युनिटमधल्या सोबत्यांबरोबरचा, थोरल्या लेकीच्या लग्नातला.

"बेदाण्याचा फोटो कुठाय?" मी विचारलं.

"त्यो काय बघायचा? बेदाणा बेदाण्यावानीच दिसतोय."

वाद घातला नाही. सगळे फोटो घालून पान तयार केलं आणि त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या वायरीतून यायचं. मोडेम नावाची डबी आधी चिरचिरायची, मग लाइन लागायची आणि फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचा. फेटा आला. कपाळ आलं. चहा आला, पिऊन झाला. मिशी यायच्या आत लाइन कटली.

संपतराव पोट धरून हसले. "व्यापारी एवढा कशाला थांबंल? त्येला काय माझ्याशी सोयरीक जुळवायचीय?"

"मग त्याला काय हवं असतं? मार्केटात लोक तुम्हाला काय विचारतात?"

ते बोलत गेले, मी टाइप करत गेले. माल हिरवा का पिवळा? सावलीत वाळवलाय का? बॉक्स केवढ्याचा? नमुना पाठवणार का? त्यांची उत्तरं मी साध्या इंग्रजीत मांडली. जाळीवर वाळणाऱ्या बेदाण्याचा एकच लहान फोटो, खाली एसटीडी कोडसकट घरचा नंबर. पान झटक्यात उघडलं.

संपतरावांकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ईमेल माझ्या ऑफिसचा दिला होता. काही आठवड्यांनी त्यावर इंदूरच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. नमुना हवाय, पण तुमचा नंबर चुकीचा आहे. दोनदा लावला, दोन्ही वेळा एका बाईंनी तसंच सांगितलं.

नंबर पडताळला. बरोबर होता. मीच फिरवला. संपतरावांच्या आईंनी उचलला.

"मावशी, हिंदी बोलणाऱ्या कुणाचा फोन आला होता का?"

"आला हुता की. मला त्येचं काय बी कळंना. राँग नंबर म्हनलं आन ठिवला."

"संपतराव कुठायत?"

"शेडवर. सांजच्याला येतोय घरी."

संध्याकाळी त्यांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी लगेच इंदूरला फोन लावला आणि पलटणीतल्या हिंदीत माफी मागितली. मग मला कळवलं, "नमुना उद्या जातोय. त्यो गडी बी लय हसला."

नमुना पसंत पडला. त्या हंगामातला बराचसा माल इंदूरला थेट गेला. पानावर मी एक ओळ वाढवली: फोन संध्याकाळी सातनंतर करावा, हिंदी चालेल.

साइट करून घ्यायला कुणी आलं, की नंबर लिहून घेताना मी अजून विचारते, दिवसा हा फोन कोण उचलतं?